नवीन उबंटूवर साइट उघडली की ४०३? परमिशनचा गुंता असा सोडवा

लॅपटॉप फॉरमॅट केला, उबंटू २४.०४ टाकलं, अपाचे हा वेब सर्व्हर इन्स्टॉल केला, बॅकअपमधून साइटचं फोल्डर पूर्वी होतं तिथेच ठेवलं. ब्राउझर उघडला तर समोर '४०३ फॉरबिडन'. फायली त्याच, कॉन्फिग तीच, आधीच्या मशीनवर सगळं सुरळीत चालत होतं. अशा वेळी कोणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळ्यावर ७७७ मारून टाक, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाक. ते करू नका. ४०३ ला निदान चार-पाच वेगवेगळी कारणं असतात. ७७७ त्यातल्या काहींना शिवतही नाही, आणि उरलेल्यांत साइट चालू करून देतं ते तुमच्या फायली गावाला वाटून.

एक सूचना आधीच. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या, सगळी अक्षरं लहान. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. सुरुवातीचं 'सूडो' म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं. उदाहरणातल्या युजरचं नाव सायली आहे, तिथे तुमचं घाला.

पहिलं काम: लॉग

ब्राउझर फक्त '४०३' म्हणतो. का, ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लिहिलेलं असतं. एका टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करा:

सूडो टेल -एफ /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असेल तर 'अपाचे२' च्या जागी 'एनजिनएक्स'. साइटच्या कॉन्फिगमध्ये 'एररलॉग' म्हणून वेगळी फाइल दिली असेल तर तीच बघायची, नाहीतर चुकीच्या फाइलकडे टक लावून बसाल. अपाचेच्या ओळीत 'एएच' ने सुरू होणारा एक क्रमांक असतो. पुढचा सगळा मार्ग त्या क्रमांकावर ठरतो.

एएच०००३५ म्हणजे वाटेतल्या एखाद्या फोल्डरमधून जायची परवानगी नाही. संदेशात 'सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ' असे शब्द असतात. एएच००१३२ म्हणजे फोल्डरपर्यंत पोचलो, पण खुद्द फाइल वाचता येत नाही. एएच०१६३० मध्ये 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' असं दिसतं. इथे फायलींच्या परमिशनचा संबंधच नाही, अपाचेच्या कॉन्फिगनेच नाही म्हटलं आहे. आणि एएच०१२७६ म्हणजे फोल्डर उघडलं, पण त्यात इंडेक्स फाइल नाही आणि यादी दाखवायची मनाई आहे. शेवटच्या दोन प्रकारांत सीएचमॉड या परमिशन बदलणाऱ्या कमांडने कितीही आकडे बदलले तरी काडीचा फरक पडत नाही. लॉग आधी बघा म्हणतो ते यासाठी.

एनजिनएक्स क्रमांक देत नाही. पण '१३: परमिशन डिनाइड' दिसलं तर फायलींकडे बघा, आणि 'डिरेक्टरी इंडेक्स ऑफ ... इज फॉरबिडन' दिसलं तर इंडेक्स फाइलकडे.

लॉगमध्ये एकही नवी ओळ आली नाही तर? मग विनंती या सर्व्हरपर्यंत पोचत नसेल, किंवा ४०३ तुमचं ॲप्लिकेशनच देत असेल. वर्डप्रेसवरचं सिक्युरिटी प्लगइन हा नेहमीचा संशयित. अपाचे आणि एनजिनएक्स दोन्ही इन्स्टॉल झाले असतील तर ८० पोर्टवर कोण बसलंय ते 'सूडो एसएस -एलटीएनपी' सांगेल.

वाट कुठे अडली ते बघा

नवीन उबंटूवर सर्वांत जास्त भेटतो तो एएच०००३५, आणि त्याला नेमकं कारण आहे. २१.०४ या आवृत्तीपासून उबंटू नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परमिशनने बनवतं. त्याआधी ते ७५५ असायचं. म्हणजे पूर्वी मशीनवरचा कोणीही तुमच्या होममध्ये डोकावू शकत होता, आता मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना दार बंद. बदल चांगलाच आहे, पण अपाचे चालतो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेगळ्या युजरच्या नावाने, त्यामुळे तोही 'बाकीच्यां'त आला. यातली गंमत अशी की जुनं उबंटू अपग्रेड करत आलेल्या मशीनवर आधीच्या होमची परमिशन तशीच राहते. म्हणून मित्राच्या मशीनवर तीच साइट चालते आणि तुमच्या कोऱ्या इन्स्टॉलवर नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर होम फोल्डर ७०० चं असतं, तिथेही हाच अनुभव.

लिनक्समध्ये फाइल वाचायची तर फाइलवर 'आर' (वाचायची परवानगी) असून भागत नाही. मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्स' (आत जायची परवानगी) लागतो. जुन्या वाड्यात माजघराचं दार सताड उघडं आहे, पण दिंडी दरवाजालाच कुलूप आहे, तर पाहुणा ओसरीपर्यंतही पोचत नाही. नवखे लोक माजघराचं दार आणखी आणखी उघडत बसतात, म्हणजे साइटच्या फोल्डरवर ७७७ करतात, आणि ४०३ जागचा हलत नाही.

सगळे दरवाजे एका दमात दाखवणारी कमांड आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात:

नेमआय -एल /होम/सायली/साइट/इंडेक्स.एचटीएमएल

ही प्रत्येक टप्प्याची परमिशन, मालक आणि ग्रुप ओळीने छापते. डावीकडच्या दहा घरांत पहिलं घर प्रकाराचं. त्यापुढे तीन घरं मालकाची, तीन ग्रुपची, तीन बाकीच्यांची. तुमच्या होमच्या, म्हणजे 'सायली'च्या ओळीत शेवटची तीन घरं '---' अशी रिकामी दिसतील. दिंडी तीच.

खात्री करायची असेल तर वेब सर्व्हरच्याच नावाने फाइल वाचून बघा:

सूडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट /होम/सायली/साइट/इंडेक्स.एचटीएमएल

'परमिशन डिनाइड' आलं तर दोष फायलींच्या बाजूला. मजकूर छापला गेला तर फायली ठीक आहेत, पुढे कॉन्फिगकडे वळा. या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते. सर्व्हर कुठल्या नावाने चालतो ते माहीत नसेल तर 'पीएस एयूएक्स' च्या पहिल्या रकान्यात दिसेल. डेबियन-उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फेडोरा आणि रॉकीवर अपाचे, आणि लिनक्सवर झॅम्प (अपाचे, पीएचपी, डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलं असेल तर डीमन.

इलाज: साइट होममध्ये ठेवायचीच कशाला?

माझं मत स्पष्ट आहे, साइट होममधून बाहेर काढा. होममध्ये तुमच्या एसएसएच किल्ल्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या) असतात, ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड असतात. त्या घरातून सर्व्हरला वाट काढून द्यायची गरज नाही. /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ही जागा त्याच कामासाठी आहे, आणि अपाचेच्या मूळ कॉन्फिगमध्ये तिला आधीच मुभा दिलेली असते.

सूडो सीपी -आर /होम/सायली/साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/

मग साइटच्या कॉन्फिगमध्ये 'डॉक्युमेंटरूट', म्हणजे साइटच्या मूळ फोल्डरचा पाथ, बदला. होममधल्या फोल्डरची सिमलिंक (शॉर्टकट) /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये टाकून हे साधणार नाही. लिंकमागून सर्व्हरला शेवटी होममधूनच जावं लागतं.

तरीही, शिकण्यापुरतं का होईना, होममध्येच ठेवायचं असेल, तर फक्त सर्व्हरला आणि फक्त जाण्यापुरती परवानगी द्या:

सूडो सेटएफएसीएल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/सायली

याने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला होममधून आरपार जाता येतं, पण होममधली यादी दिसत नाही. कमांड सापडली नाही तर 'एसीएल' हे पॅकेज टाका. एक खाचखळगा आहे: नंतर कधी होमवर सीएचमॉड ७०० केलंत तर एसीएलचा (अशा जादा परवानग्यांचा) मास्क, म्हणजे कमाल मर्यादा, शून्य होतो, दिलेली परवानगी कागदावर राहते आणि साइट पुन्हा बंद पडते.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला सायलीच्या ग्रुपमध्ये घालण्याचा सल्लाही पुष्कळदा मिळतो. चालतं, पण मग ग्रुपला वाचता येणारी होममधली प्रत्येक फाइल सर्व्हरलाही वाचता येते. साइटमध्ये एखादं छिद्र निघालं तर ते थेट घरात उघडतं.

मालक कोण? नाव नव्हे, नंबर

जुनी डिस्क जोडून फायली घेतल्या, किंवा साइटचं पार्टिशन फॉरमॅट न करता तसंच ठेवलं, तर दुसरी अडचण येते. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. उबंटूवर पहिल्या युजरला १०००, पुढच्याला १००१ मिळतो. जुन्या मशीनवर तुम्ही दुसरे युजर होतात आणि नव्यावर पहिले झालात, की तुमच्याच फायली परक्याच्या होतात. 'एलएस -एलएन' केलं की नंबर दिसतात. रेड हॅटच्या घराण्यातून (फेडोरा, रॉकी, अल्मा) उबंटूवर आलात तर आणखी एक: तिकडे अपाचे युजरचा नंबर ४८, इकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा ३३. मालकाच्या जागी नाव न येता नुसता ४८ दिसला, तर फायली कुठून आल्या ते कळलंच.

पाच मिनिटांत घडी नीट बसते. मालक तुम्ही, ग्रुप सर्व्हरचा, बाकीच्यांना काही नाही:

सूडो सीएचओन -आर सायली:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट

सूडो फाइंड /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७५० {} +

सूडो फाइंड /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६४० {} +

पहिल्या ओळीतला 'आर' मोठा. तिथे मालक बदलणारं 'सीएचओन' टाइप झाल्यावर पाथ दोनदा वाचा आणि मगच एंटर दाबा, कारण एखादी मोकळी जागा किंवा तिरपी रेघ चुकीच्या ठिकाणी पडली तर अख्ख्या सिस्टिमचा मालक बदलतो. आकडे सोपे आहेत: वाचायला ४, लिहायला २, चालवायला किंवा आत जायला १. ७ म्हणजे तिन्ही, ५ म्हणजे वाचणं आणि जाणं. २७५० मधला सुरुवातीचा २ ग्रुपसाठी. त्यामुळे या फोल्डरमध्ये पुढे जी फाइल बनेल तिचा ग्रुप आपोआप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा राहतो, रोज सीएचओन करायला लागत नाही. फायली आणि फोल्डर वेगळे हाताळले कारण फोल्डरला 'एक्स' लागतोच, साध्या पीएचपी फाइलला तो लागत नाही. साइटच्या फोल्डरमध्ये स्वतः चालणाऱ्या स्क्रिप्ट असतील तर तेवढ्यांना तो नंतर परत द्या.

कॉन्फिगने नाही म्हटलं तर

एएच०१६३० आला असेल तर फायलींना हात लावू नका. उबंटूच्या अपाचे२.कॉन्फमध्ये मुळालाच 'रिक्वायर ऑल डिनाइड' असतं, म्हणजे आख्खी डिस्क बंद. /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि /यूएसआर/शेअर एवढ्यांनाच सूट. साइट /एसआरव्ही किंवा /डेटा अशा ठिकाणी असेल तर तिच्या कॉन्फिगमध्ये हे हवं:

<डिरेक्टरी /एसआरव्ही/साइट>
रिक्वायर ऑल ग्रँटेड
</डिरेक्टरी>

जुन्या मशीनवरून आणलेल्या कॉन्फिगमध्ये 'ऑर्डर अलाऊ,डिनाय' आणि 'अलाऊ फ्रॉम ऑल' दिसलं तर ती अपाचे २.२ ची बोली. २.४ आलं २०१२ मध्ये आणि तेव्हापासून 'रिक्वायर' आहे. दोन्ही एकाच साइटमध्ये मिसळू नका, निकाल काय लागेल याचा अंदाज बांधणं कठीण जातं. बदल केला की आधी 'सूडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट', आणि 'सिंटॅक्स ओके' दिसलं तरच 'सूडो सिस्टिमसीटीएल रीलोड अपाचे२'.

एएच०१२७६ तर त्याहून सरळ. बॅकअप उलगडताना 'साइट' च्या आत आणखी एक 'साइट' तयार झालं असेल आणि इंडेक्स फाइल एक मजला खाली गेली असेल. साइट लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर बनवली असेल तर डॉक्युमेंटरूट 'पब्लिक' फोल्डरकडे हवं.

पान दिसतं, पण अपलोड होत नाही

हे वेगळं दुखणं आहे. वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. वर्डप्रेस प्लगइन टाकताना अचानक एफटीपीचा युजर आणि पासवर्ड मागायला लागतं तेही याचंच लक्षण: त्याला स्वतःच्या फोल्डरमध्ये सरळ लिहिता येत नाही, म्हणून ते दुसरी वाट विचारतं.

लिहायची परवानगी फक्त जिथे लिहिणं गरजेचं आहे तिथेच द्या. वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी-कंटेंट/अपलोड्स', लॅराव्हेलमध्ये 'स्टोरेज' आणि 'बूटस्ट्रॅप/कॅश'. वरची घडी बसवली असेल तर ग्रुपला 'डब्ल्यू' दिला की झालं:

सूडो सीएचमॉड -आर जी+डब्ल्यू /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/डब्ल्यूपी-कंटेंट/अपलोड्स

इथलाही 'आर' मोठा. पूर्ण साइटवर हे करू नका. सर्व्हरला स्वतःचा कोड बदलता आला, तर आत शिरलेल्यालाही बदलता येतो. वर्डप्रेसची अपडेट ब्राउझरमधून होणार नाहीत हे खरं, ती टर्मिनलवरून करावी लागतील. छोट्या साइटला मला हा सौदा परवडणारा वाटतो.

सर्व्हरने बनवलेल्या फायली तुम्हाला वाचायच्या असतील तर स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला:

सूडो यूजरमॉड -एजी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा सायली

इथे 'ए' लहान, 'जी' मोठा, आणि तो 'ए' विसरायचा नाही. 'ए' म्हणजे 'भर घाला'. तो गाळला तर कमांड तुमचे बाकी सगळे ग्रुप काढून एवढाच ठेवते, त्यात सूडो ग्रुपही जातो, आणि पुढच्या लॉगिनला मशीनवर तुमचा अधिकार संपलेला असतो. मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन तो परत मिळवावा लागतो. कमांड बरोबर दिल्यानंतरही लॉगआउट करून परत आल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही, 'काहीच झालं नाही' म्हणून ती पुन्हा पुन्हा मारू नका.

फेडोरा, रॉकी, अल्मा वापरत असाल तर

इथे नेमआय सगळं ठीक दाखवतो, कॉन्फिग ठीक असते, तरी लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' येतच राहतं. कारण आहे एसईलिनक्स. अमेरिकेच्या एनएसएने बनवून २००० साली खुली केलेली ही व्यवस्था प्रत्येक फाइलला एक लेबल लावते आणि वेब सर्व्हरला ठरावीक लेबलच्याच फायली वाचू देते. 'एलएस -झेड' ने, झेड मोठा, लेबल दिसतं. वेब फायलींचं लेबल 'एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी' असायला हवं.

गफलत कुठे होते? 'एमव्ही' ने फाइल हलवली की होममधलं लेबल तिच्यासोबत येतं. 'सीपी' ने कॉपी केली की नव्या जागेचं लेबल लागतं. म्हणून दोन शेजारच्या फायलींतली एक उघडते आणि दुसरी नाही, असा चमत्कारिक प्रकार दिसतो. इलाज एका ओळीचा, पहिला आर मोठा, व्ही लहान:

सूडो रिस्टोअरकॉन -आरव्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू

संशय खरा की खोटा ते तपासायला 'सूडो सेटएनफोर्स ०' करून पान रिफ्रेश करा आणि लगेच 'सूडो सेटएनफोर्स १' करा. बंद करून तसंच सोडून देणं हा उपाय नव्हे. पीएचपीला दुसऱ्या मशीनवरचा डेटाबेस गाठता येत नसेल तर त्यासाठी 'सूडो सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी ऑन', पी मोठा.

उबंटूवर याच्या जागी ॲपआर्मर असतं, पण अपाचे मुळात त्याच्या पहाऱ्याखाली नसतो. मायएसक्यूएल असतो. डेटाबेसचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं आणि मायएसक्यूएल सुरूच होईना, तर तिकडे बघा.

विंडोजच्या पार्टिशनवरची साइट

ड्युअल बूट केलेले विद्यार्थी पुष्कळदा साइट डी ड्राइव्हवरच ठेवतात, दोन्हीकडून वापरता यावी म्हणून. एनटीएफएस आणि एक्सफॅट या विंडोजच्या फाइल सिस्टिमवर सीएचमॉड आणि सीएचओनचा भरवसा धरू नका. कधी चूक दाखवतात, कधी मुकाट्याने काहीच करत नाहीत. शिवाय फाइल मॅनेजरमधून ड्राइव्ह उघडली की ती /मीडिया/सायली खाली येते, आणि ते फोल्डर फक्त सायलीसाठी उघडं असतं. तिथेही नेमआय चालवा, दिंडी दिसेल.

अशा पार्टिशनला परमिशन माउंट करतानाच, म्हणजे सिस्टिमला जोडतानाच मिळते. माउंटच्या नोंदी असणाऱ्या /ईटीसी/एफएसटॅब फाइलमध्ये त्याला /एसआरव्ही/विंडोज अशी स्वतंत्र जागा द्या आणि पर्यायांमध्ये हे लिहा:

यूआयडी=१०००,जीआयडी=३३,डीमास्क=०२७,एफमास्क=१३७

मास्कमध्ये काय काढून घ्यायचं ते लिहितात, म्हणून ०२७ चे फोल्डर ७५० होतात आणि १३७ च्या फायली ६४०. ही जागा /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू च्या बाहेर असल्याने वरचा 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' इथेही लागेल.

७७७ आधीच मारलं असेल तर

फक्त साइटच्या फोल्डरवर मारलं असेल तर घाबरायचं कारण नाही, 'मालक कोण?' या भागातल्या तीन कमांड पुन्हा चालवा आणि मग अपलोडच्या फोल्डरला 'डब्ल्यू' द्या. होमवर मारलं असेल तर एसएसएच किल्लीने लॉगिन बंद पडेल, कारण इतरांना लिहिता येणाऱ्या होममधल्या किल्ल्यांवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. होम ७५०, त्यातलं '.एसएसएच' ७००, आतल्या खाजगी किल्ल्या आणि 'ऑथोराइज्ड_कीज' ६०० करा.

/ईटीसी किंवा /यूएसआर वर ७७७ मोठ्या 'आर' सकट, म्हणजे आतल्या सगळ्यावर, गेलं असेल, तर सूडो स्वतःच कुरकुर करायला लागतो आणि काम करायचं नाकारतो. कुठल्या फाइलला मुळात काय परमिशन होती हे हाताने परत लावायच्या भानगडीत पडू नका. डेटा बाहेर काढा आणि सिस्टिम नव्याने टाका.